नेमबाजीसाठी रायफलीचे कॅलिबर कसे ठरवावे: कोल्हापुरातील नवोदित आणि त्यांच्या पालकांसाठी

रायफल घ्यायला निघालेला माणूस बहुधा पहिल्यांदा हेच विचारतो की कोणत्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या मापात (यालाच कॅलिबरही म्हणतात), जास्त ताकद आहे. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी बंदूक निवडण्याची ही जुनी रीत आपल्या घराघरांत अजून टिकून आहे आणि तीच रीत खेळाच्या रायफलीला लावल्यामुळे रेंजवर निरुपयोगी ठरणारी हत्यारे विकत घेतली जातात, परवान्याचे अर्ज अडकतात आणि मुलांची सुरुवातीची महत्त्वाची वर्षे वाया जातात. चूक बहुतेक वेळा कॅलिबरची नसते, ती क्रमाची असते. आधी उद्देश, मग स्पर्धाप्रकार, मग रेंज, मग शरीराला बसणारे माप, मग कागदपत्रे आणि सर्वांत शेवटी खरेदी, असा क्रम पाळला तर कॅलिबर वेगळे निवडावेच लागत नाही.

टप्पा १: उद्देश लिहून काढा आणि शिकार त्यातून वगळा

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ही रायफल मी कशासाठी वापरणार आहे? या वाक्यात शिकारीचा उल्लेख येत असेल तर पुढे जाऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार भारतात वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि परदेशी शिकारी ज्या .३७५ मॅग्नमसारख्या मोठ्या बोअरची चर्चा करतात त्यांचा आपल्याकडील नव्या नेमबाजाला काहीही उपयोग नाही.

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या भागांतील शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे, कारण गवा आणि रानडुक्कर रात्रीत उभे पीक झोपवतात. तरीही स्वतःच्या शेतात, स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीने, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय या जनावरांवर गोळी झाडणे कायद्यात बसत नाही. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज करणे हा तेथील मार्ग आहे, खेळाची रायफल हा नव्हे.

घरात आजोबांची .३१५ बोअरची शिकारी रायफल असेल तर तीही या कागदावर आणू नका. .३१५ किंवा .३०-०६ या रायफलींच्या गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी तीन हजार ज्यूलच्या घरात किंवा त्याहूनही वर असते. खेळातल्या एअर रायफलीच्या छर्‍याची ऊर्जा साधारण साडेसात ते आठ ज्यूल असते. नवशिक्याला .३१५ हातात दिली तर त्याचा खांदा पहिल्या काही बारांतच धक्क्याची धास्ती घेतो, ट्रिगर ओढण्याआधीच डोळे मिटू लागतात आणि ही सवय मोडायला पुढे अनेक महिने लागतात. वारसाने आलेल्या अशा हत्याराचा परवाना वारसाच्या नावावर रीतसर करून घेणे ही स्वतंत्र बाब आहे आणि ती टाळता कामा नये.

पडताळा: कागदावरच्या वाक्यात 'कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट' आणि 'स्पर्धा' किंवा 'सराव' हे शब्द आले असतील तरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.

टप्पा २: स्पर्धाप्रकार ठरवा, कॅलिबर त्याच्यामागून येते

खेळाच्या रायफल नेमबाजीत नवोदिताच्या दृष्टीने तीन अंतरे आहेत आणि प्रत्येक अंतराचे माप नियमांनीच बांधून दिलेले आहे.

पहिले अंतर १० मीटर. येथे ४.५ मिमी, म्हणजेच .१७७, एवढे एकच कॅलिबर चालते. छर्‍याचे वजन साधारण अर्धा ग्रॅम आणि वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर असतो. हा वेग ऐकून पालक अनेकदा निराश होतात. पण टार्गेटच्या दहा गुणांच्या बिंदूचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर आहे, छर्‍याला कार्डाला गोल, स्वच्छ भोक पाडण्यापलीकडे काही करायचे नाही आणि एवढ्या अंतरावर वेग वाढवून नेम सुधारत नाही. उलट जास्त वेगासाठी बनवलेल्या स्प्रिंगच्या बंदुका दट्ट्याच्या झटक्याने हलतात आणि नेम बिघडवतात. रायफलीचे वजन ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही, हे येथेच लक्षात ठेवावे.

दुसरे अंतर ५० मीटर. येथे .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटर आणि ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास असते. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले तो गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून अशा तीन स्थितींचा प्रकार याच अंतरावरचा, आणि तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले तो पालथ्या स्थितीचा प्रकारही याच अंतरावरचा. ही नावे ऐकून पुष्कळजण थेट .२२ पासून सुरुवात करू पाहतात. तसे करू नये. .२२ ला परवाना लागतो, काडतुसे मोजून मिळतात आणि उघड्या रेंजवर वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. ज्याची उभे राहण्याची पद्धत अजून बसलेली नाही, त्याला आपली गोळी वाऱ्याने गेली की हाताने, हे कळतच नाही. १० मीटरवर वारा नसतो, म्हणून तेथे चुकीचा धनी एकच असतो.

तिसरे अंतर ३०० मीटर. येथे ८ मिमीपर्यंतचे कॅलिबर चालते आणि जगभर ६ मिमी बीआर हे काडतूस पसंत केले जाते. नवोदिताने हे अंतर माहितीपुरतेच ठेवावे. .३०३ सारखी लष्करी बोअर भारतात प्रतिबंधित वर्गात मोडतात, त्यामुळे 'मोठ्या बोअरची' रायफल खेळासाठी म्हणून घेण्याचा विचार परवान्याच्या पहिल्याच खिडकीशी थांबतो.

१० मीटरमध्येही एक पोटनिवड करायची असते. साइट म्हणजे नेम धरण्याचे साधन. आपल्याकडे ओपन साइट (उघडी खाच), पीप साइट (बारीक भोकातून पाहायची) आणि आंतरराष्ट्रीय नियमांची मॅच रायफल असे वेगवेगळे गट असतात. तिन्हींचे कॅलिबर एकच आहे, पण रायफल एक नाही. ओपन साइटची स्वस्त ब्रेक बॅरल (नळी खाली वाकवून भरायची) रायफल घेऊन नंतर तिलाच पीप साइट बसवून मोठ्या स्पर्धेत उतरू, ही कल्पना खर्च वाचवत नाही, वाढवते.

इशारा: 'पुढे .२२ मारायचेच आहे, तर एअर रायफलवर खर्च कशाला' हा हिशेब करू नका. .२२ चे अव्वल नेमबाजही वर्षभर एअर रायफलवर सराव करतात.

टप्पा ३: नावांचा घोळ दुकानात जाण्याआधी मिटवा

सर्वांत जास्त पैसे या एकाच घोळात वाया जातात. दुकानात '.२२ ची रायफल द्या' असे म्हटले तर समोर ५.५ मिमी छर्‍याची एअर रायफल येऊ शकते. .२२ लाँग रायफल मात्र बारूद असलेल्या, कडेने पेटणाऱ्या काडतुसाची आहे आणि तिच्या गोळीचा व्यास साधारण ५.६ मिमी असतो. दोन्हींत बावीस हा आकडा आला तरी एकीचे काही दुसरीला चालत नाही.

५.५ मिमीची एअर रायफल १० मीटरच्या स्पर्धेत चालत नाही, कारण तेथे ४.५ मिमी बंधनकारक आहे. ५० मीटरमध्येही ती चालत नाही, कारण तेथे काडतूस लागते. याशिवाय शस्त्र नियम २०१६ नुसार एअर रायफलीचे बोअर .१७७ पेक्षा मोठे असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर तिला परवाना लागतो. म्हणजे 'जरा मोठे बोअर असू दे' म्हणून घेतलेली ही रायफल कोणत्याही स्पर्धेला उपयोगाची नाही आणि विनापरवाना बाळगली तर गुन्हाही आहे. ऊर्जा वाढवलेल्या, 'हाय पॉवर' म्हणून विकल्या जाणाऱ्या ४.५ मिमीच्या रायफलीही याच कारणाने तपासून घ्याव्यात.

पडताळा: नळीवर किंवा बॉक्सवर ४.५ मिमी अथवा .१७७ कोरलेले किंवा छापलेले आहे का, माहितीपत्रकात ज्यूलचा आकडा २० च्या आत आहे का आणि बिलावर कॅलिबर व अनुक्रमांक लिहिला आहे का, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रेत्याने ओळखपत्राची प्रत मागितली तर द्यावी, कारण एअर रायफलीच्या विक्रीची नोंद ठेवणे ही त्याची जबाबदारी आहे. बिल कायम रायफलीच्या पेटीत असावे. प्रवासात विचारणा झाली की तेच उपयोगी पडते.

टप्पा ४: सराव कोठे होणार ते आधी पाहा

ज्या अंतराची लेन आपल्याला आठवड्यातून किमान तीन दिवस मिळणार नाही, त्या अंतराची रायफल घेऊ नये. कोल्हापुरात दुधाळीची रेंज आणि विभागीय क्रीडा संकुल या दोन ठिकाणी स्वतः जाऊन चौकशी करावी. १० मीटरच्या किती लेन चालू आहेत, ५० मीटरची लेन नवोदिताला मिळते का, टार्गेट कागदी आहे की इलेक्ट्रॉनिक, पावसाळ्यात सराव सुरू असतो का आणि रेंजची स्वतःची रायफल शिकताना वापरायला मिळते का, हे प्रश्न लिहून न्यावेत. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढचा पूर्ण टप्पा त्यावर अवलंबून आहे.

घरी सराव करायचा तर तो १० मीटरचाच, बंद खोलीत किंवा लांब व्हरांड्यात, मागे छर्रा अडवणारी पक्की पेटी लावून आणि बाजूने कोणाचीही ये-जा होणार नाही अशा जागीच करावा. उघड्या गच्चीवर करू नये. साडेसात ज्यूलचा छर्राही डोळा घालवू शकतो आणि कठीण भिंतीवरून उलटून येतो. .२२ ची गोळी तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून ती मान्यताप्राप्त रेंजच्या मातीच्या बांधाबाहेर, शेतात किंवा माळावर, कधीही झाडू नये.

टप्पा ५: उसनी रायफल वापरून माप घ्या

कॅलिबर बरोबर असूनही रायफल चुकीची ठरू शकते आणि लहान मुलांच्या बाबतीत हे सर्रास घडते. 'मुलगा वाढेल तशी बसेल' या विचाराने मोठ्या दस्त्याची रायफल घेतली जाते. मग मूल दस्ता खांद्यात बसवण्यासाठी कंबर मागे झुकवते, मान पुढे ताणते आणि दोन वर्षांनी पाठदुखी घेऊन रेंज सोडते. म्हणून खरेदीपूर्वी निदान काही आठवडे रेंजची किंवा क्लबची रायफल वापरावी आणि प्रशिक्षकाकडून पुढील गोष्टी मापून घ्याव्यात.

दस्त्याची लांबी अशी हवी की गाल चीकपीसवर, म्हणजे दस्त्याच्या गाल टेकवायच्या भागावर, टेकल्यावर मान सरळ राहील आणि डोळा मागच्या साइटपासून ठरावीक अंतरावर आपोआप येईल. चीकपीसची उंची अशी हवी की डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, डोळे उघडावेत आणि साइटच्या मधोमध टार्गेट दिसावे. ते वर किंवा खाली दिसत असेल तर मान नव्हे, चीकपीस हलवावा. वजनाची कसोटी सोपी आहे: रायफल रिकामी ठेवून, उभ्या स्थितीत, दर वेळी साधारण अर्धा मिनिट धरून असे वीस नेम घ्यावेत. शेवटच्या पाच नेमांत पुढचा हात थरथरत असेल तर त्या मुलाला अजून हलकी रायफल हवी. दस्ता, बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस खालीवर, पुढेमागे करता येतील अशीच रायफल वाढत्या वयाच्या मुलाला घ्यावी, मग ती वापरलेली असली तरी चालेल.

वापरलेली एअर रायफल घेताना हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहायला विसरू नका. मॅच रायफलीच्या सिलिंडरचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षे धरतात आणि त्यात २०० बारपर्यंतचा दाब असतो. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्त रायफलीला महाग करतो आणि तो वापरणे धोक्याचे आहे.

इशारा: सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ, दाबलेली हवा भरावी. ऑक्सिजन कधीही भरू नये. तेलाच्या संपर्कात दाबलेला ऑक्सिजन आला की स्फोट होतो.

टप्पा ६: .२२ घ्यायची असेल तर कागद आधी, रायफल नंतर

४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतील एअर रायफल घेणाऱ्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावे. .२२ लाँग रायफलीसाठी मात्र शस्त्र परवाना लागतो आणि येथे क्रम उलटा झाला तर ओळखीच्या माणसाकडून 'तात्पुरती' आणलेली रायफलही विनापरवाना शस्त्र ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जासोबत ओळख, रहिवास आणि वयाचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचे सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. अर्ज पोलिसांकडे चौकशीसाठी जातो. सर्वसाधारण परवान्यासाठी किमान वय २१ आहे. त्याखालील खेळाडूंना नियमांनी ठरवलेल्या अटींवर, देखरेखीखाली सराव करता येतो, पण त्यासाठी जिल्हा आणि राज्य रायफल संघटनेचे सदस्यत्व, स्पर्धांतील सहभागाची प्रमाणपत्रे आणि गुणपत्रके उपयोगी पडतात. म्हणूनच एअर रायफलवरच्या स्पर्धांचे प्रत्येक गुणपत्रक पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवावे. वर्षभरानंतर ती जमवायला निघालेल्या पालकांची मोठी दमछाक होते.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. घरात एकाच व्यक्तीच्या नावावर आधीच दोन शस्त्रे असतील तर .२२ साठी जागा कोठून करणार याचा विचार अर्जाआधी करावा.

राधानगरी किंवा चांदोलीच्या परिसरातील अर्जदारांची एक गोष्ट नेहमी निसटते. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार वनविभागाकडेही नोंदणी करावी लागते आणि अशा क्षेत्रात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती घ्यावी लागते. आपले गाव या पट्ट्यात येते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी घेऊन ते पत्र अर्जाला जोडावे.

पडताळा: परवान्यावर लिहिलेले बोअर आणि घ्यायच्या रायफलीवर कोरलेले बोअर शब्दशः जुळते का, हे दुकानात पैसे देण्यापूर्वी दोघांनी मिळून वाचावे.

टप्पा ७: छर्रे आणि काडतुसे नळीला जुळवून घ्या

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना एकच छर्रा सारखा मानवत नाही. ४.५ मिमी लिहिलेल्या छर्‍यांतही डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५२ मिमीपर्यंत बदलतो आणि एवढासा फरक टार्गेटवर स्पष्ट दिसतो. चपट्या तोंडाचे वॉडकटर छर्रेच घ्यावेत. टोकदार छर्रे कागद फाडतात, भोक पाडत नाहीत, आणि गुण मोजताना वाद होतो.

चाचणी अशी करावी. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीत पक्की टेकवावी, किंवा रेंजवर शिकंजा असेल तर त्यात धरावी. वेगवेगळ्या मापांचे तीन-चार डबे घ्यावेत. प्रत्येक डब्यातले दहा छर्रे, साइटला हात न लावता, एकाच बिंदूवर मारावेत. गट टार्गेटच्या मध्यावर आहे की नाही हे या वेळी पाहायचे नसते, तो किती घट्ट आहे एवढेच पाहायचे. दहाच्या बिंदूला छर्रा नुसता शिवला तरी दहा मिळतात. त्या हिशेबाने गटाच्या बाहेरच्या कडांमधले अंतर साडेनऊ मिलिमीटरच्या आत असेल तर सगळे बार दहात बसू शकतात. पण दशांश गुणांच्या स्पर्धेत एका बाराला १०.९ पर्यंत गुण असल्यामुळे सात मिलिमीटरच्या आत येणारा डबाच निवडावा, आणि मग त्याच बॅचचे डबे साठवावेत. बॅच बदलली की चाचणी पुन्हा करावी.

.२२ च्या काडतुसांना हेच लागू आहे, फक्त अंतर ५० मीटर आणि वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेली काडतुसे टाळावीत. त्यांची गोळी ध्वनीपेक्षा जास्त वेगाने निघते आणि वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगते. टार्गेटसाठीची काडतुसे म्हणूनच मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असतात. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर ही गोळी दोन सेंटीमीटरच्या आसपास सरकवतो, म्हणजे दहाची गोळी आठवर जाते. चैत्र-वैशाखातल्या दुपारी घेतलेल्या चाचणीवरून काडतूस वाईट ठरवू नये.

इशारा: छर्रे आणि गोळ्या शिशाच्या असतात. रेंजवर खाऊ नये, छर्रे तोंडात धरू नयेत आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

टप्पा ८: साइट बसवणे आणि पहिला पावसाळा

पुढच्या साइटच्या वर्तुळाकार रिंगचा आकार बहुतेक जण कधी बदलतच नाहीत. १० मीटरच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमीचा आणि ५० मीटरचा ११२.४ मिमीचा आहे. अंतराच्या प्रमाणात पाहिले तर ५० मीटरवरचा काळा गोल डोळ्याला सुमारे एक चतुर्थांशाने लहान दिसतो. एअर रायफलीची रिंग .२२ वर तशीच वापरली तर भोवती पांढरे जास्त राहते आणि नेम त्या मोकळ्या जागेत तरंगत राहतो. रिंग फारच घट्ट असेल तर काळा गोल कडेला चिकटल्यासारखा होतो आणि नेमबाज घाईने ट्रिगर ओढतो. काळ्याभोवती पांढरी पट्टी सर्व बाजूंनी सारखी आणि स्पष्ट दिसेल अशी रिंग, शंका असल्यास किंचित मोठी, निवडावी. साइटचे क्लिक एका बारावरून फिरवू नयेत. पाच बारांच्या गटाचा मध्य काढून मगच फिरवावेत.

बार झाल्यावर रायफल लगेच खाली घेऊ नये. छर्रा नळीतून बाहेर पडून टार्गेटपर्यंत पोहोचेपर्यंत नेम तसाच धरून ठेवावा. संथ छर्‍याच्या एअर रायफलीत ही सवय .२२ पेक्षाही जास्त महत्त्वाची आहे. रायफल खाली ठेवण्यापूर्वी नळी रिकामी करून सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालावा आणि नळीचे तोंड सदैव टार्गेटच्या दिशेलाच राहावे.

जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा लोखंडाला सोसत नाही. सराव संपला की रायफल थेट बंद पेटीत कोंबू नये. पुसून, पंख्याखाली कोरडी होऊ देऊन, नळीच्या बाहेरच्या पोलादी भागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकूनच ठेवावी. एअर रायफलीच्या नळीत तेल सोडू नये. .२२ ची नळी दर सरावानंतर खरवडून साफ करण्याचीही गरज नसते, त्याने फायद्यापेक्षा झीजच होते. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात, मात्र तो तवा स्वयंपाकाचा नसावा.